थांबवणं तुझ्या हातात

सुकट भाजल्याचा वास आला की नागावच्या घरातली ती दुपार आठवते. माणगावजवळच्या अपघातानंतर मला गाडीत बसवत नव्हतं. समुपदेशक बाईंनी ईएमडीआर सुचवलं होतं, म्हणजे अपघात आठवत त्यांच्या हलत्या बोटामागे नजर फिरवायची. माझं मन घेईना. आईने तवा उतरवला आणि सरळ बाईंना स्पीकरवर फोन लावला. "मधेच तिला सोसलं न्हाय तर?" बाई म्हणाल्या, "तिने हात वर केला की थांबायचं. आधी मन शांत करायला शिकवेन. तेच जमलं नाही, तर दुसरा उपाय बघू." आई माझ्याकडे वळली, "ऐकलंस? थांबवायचं तुझ्या हातात हाय." अपघातात माझ्या हातात काहीच नव्हतं. मी होकार दिला. आता गाडी मी चालवते आणि शेजारी आई खुशाल घोरते.