जहाजाच्या तळातली टाकी

नेवाशाजवळच्या एका खेड्यातला सूर्यभान साळवे १९९८च्या उन्हाळ्यात बोटीवरून घरी आला आणि आल्या आल्या ओसरीत आडवा झाला. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणभर पसरलं तरी तो उठला नव्हता.

नगरच्या आयटीआयमधून फिटर होऊन तो एका प्रवासी जहाजावर लागला होता. गावाला वाटे, पोरगा इंजिनावर आहे. खरं तर त्याच्याकडे मैलापाणी साफ करायचं यंत्र होतं. संडास-न्हाणीचं पाणी टाकीत यायचं, तिथले जिवाणू घाण खायचे, आणि पंप ते पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ओढून घ्यायचा. पलीकडे स्वच्छ पाणी, अलीकडे गाळ. यंत्र नवं होतं, कंपनी ते चालवून बघत होती. पडदे मात्र सारखे तुंबायचे. स्वयंपाकघरातलं तेल यायचं, केस यायचे. सूर्यभान पडदे उचलून धुवायचा आणि परत बसवायचा.

त्या मार्चमध्ये कुणीतरी संडास धुताना भरमसाट ब्लीच ओतलं. जिवाणू मेले, पडद्यांवर चिकट थर बसला, टाकी काठोकाठ भरली. बंदर जवळ आलं होतं, तिथं मैला समुद्रात सोडायला बंदी होती. म्हणून गाळ दुसऱ्या टाकीत ओढून घेतला. रिकाम्या झालेल्या टाकीत उतरण्याआधी आत हवा खेळू द्यायची होती, पण सूर्यभानचा जोडीदार रामोन थांबून कंटाळला होता.

"पडद्याचा एकच बोल्ट ढिला करतो," असं म्हणत तो शिडी उतरला. तळाशी पोचला आणि बसल्यासारखा खाली कोसळला. विषारी वायू साचला होता.

सूर्यभान ओरडला. माणसं जमली. तोंडावर हवेचा मुखवटा चढवून तो खाली गेला, रामोनच्या काखेतून दोर घातला, वरच्यांनी ओढलं. रामोन वाचला, पण त्याला बोलताना शब्द सापडेनासे झाले. बंदरात त्याला उतरवलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच टाकीत पडदे धुवायला सूर्यभानलाच उतरावं लागलं.

हे सगळं त्यानं चुलीपाशी बसून आईला, भीमाबाईला, सांगितलं. बायको दीपा भाकरी थापायची थांबली.

भीमाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तुझ्या बापानं ढोरं वढायची, घान उचलायची गावकीची कामं सोडली, तवा गावानं पानी बंद केलं हुतं. त्यानं ऐकलं न्हाई. आन तू बोटीत बसून तेच करतोस?"

"आये, तसं न्हाई. मशीन हाय. पगार हाय. गोरी मानसं बी करत्यात."

"मग इतका का दमलास?"

"मशीन बंद पडलं की हातच लागत्यात," तो म्हणाला.

भीमाबाईनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. "रागावले न्हाई मी," ती म्हणाली. "पर तू परत त्या टाकीत उतरू नगंस."

कंपनीनं परत बोलावलं, तेव्हा त्यानं नकार कळवला. दीपाला हायसं वाटलं, पण ती तसं बोलली नाही. पावसाळा संपता संपता त्याला नगरच्या एमआयडीसीत पंप दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं. पगार बोटीच्या मानानं फारच थोडा. रोज पहाटे फाट्यावरून एसटी पकडायची. पहिल्याच दिवशी तो खिडकीला डोकं टेकून असा झोपला, की माळीवाड्याच्या स्टँडवर कंडक्टरला त्याला हलवून उठवावं लागलं.