शामकलाचा खालचा माळा

गोंदियाच्या रिंगरोडला शामकलाचा राग सगळ्यांना ठाऊक. तिच्या टपरीवर चहा पातळ आहे म्हणून कोणी कुरकुरलं, तर गिलास हिसकून नालीत ओतणारी बाई ती. पण ह्या वेळच्या रागाला कोणी नावं ठेवून दाखवावीत! तिला उघड उघड फसवलं होतं.

रोडच्या कडेला तिच्या सासऱ्याची बोडी होती. लहानसंच तळं, पण खालच्या धानाला पुरायचं. शामकलाचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाचं. बोडी बुजवून तिथं सात माळ्यांचं ऑफिस कॉम्प्लेक्स उभं करायचं गुड्डूसेठ बिल्डरनं काढलं, तेव्हा ती नवऱ्याशी, श्यामलालशी, कडाकडा भांडली. पण सेठ हात जोडून म्हणाला, "जमीन आपकी, बिल्डिंग मेरी. सबसे नीचेवाला माला आपके नाम."

झालं! शामकलाच्या डोळ्यांपुढं रोडवरचा शटरचा गाळा उभा राहिला. कढई, बाकडी, आलूबोंड्यांसाठी गर्दी. टपरीत धूळ खात उमर गेली, म्हातारपणी पक्कं छत मिळेल, म्हणून तिनंही सही केली.

बिल्डिंग झाली आणि चाबी मिळाली ती तळघराची! रजिस्ट्रीही तळघराचीच. रोडवरचे गाळे सेठनं विकून टाकले, एक आपल्या साळ्यासाठी ठेवला.

"नीचेवाला बोला था ना चाची? इससे नीचे कुछ है क्या?" म्हणून वर हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे लबाडा! जमिनीच्या पोटातही माळा असतो, हे त्या घरात कोणाच्या बापाला ठाऊक होतं? खालचा म्हणजे जमिनीवरचा, एवढंच त्यांना कळे. श्यामलालनं तर त्या दिवसापासून मान खाली घातली ती घातलीच. ना धड जेवण, ना बोलणं. त्याच्याकडं पाहून शामकला आणखीच पेटायची.

मग तळघरात पाणी आलं. बोडी ती! बुजवली म्हणून झरे थोडेच मरतात? घोट्याएवढं झालं, गुडघ्याएवढं झालं. लिफ्टचा खड्डा भरला, लिफ्ट बंद. ऑफिसवाले जिने चढत सेठच्या नावानं बोंबलू लागले. सेठ मोटर घेऊन धावत आला, तर दाराला शामकलाचं कुलूप.

"चाची, चाबी दो. पानी निकालना है."

"कायले? माह्या मालकीचं पानी हाय."

"पूरी बिल्डिंग का सवाल है!"

"बिल्डिंग तुही, खालचं माहं. तूच बोलला ना? मी शिंगाडे लावून राहिली तिथं. मच्छ्या बी सोडीन!"

"पुलिस बुलाऊंगा!"

"बोलाव! मालकीन मी हाय. आधी रोडवरचा गाळा माह्या नावानं कर, मंग उपस."

"वो तो साले को दिया है."

"मंग त्याले इचार, पोहता येते का!"

श्यामलाल टपरीतून उठून आला. हा आता मिटवून टाक म्हणेल, ह्या धास्तीनं शामकलानं चाबी मुठीत घट्ट आवळली. श्यामलालनं कितीतरी दिवसांनी मान वर केली आणि सेठकडं सरळ पाहिलं.

"शिंगाड्याची वेल मी आनतो," तो बायकोला म्हणाला. "तुह्या माहेरून."