सुट्ट्यांची फाईल

लिंबू-मिरची आमच्या घरी फक्त स्वयंपाकाला लागते, एवढं आधीच सांगते. तरी हे लिहितेय, कारण आता कोणाला तरी सांगायलाच हवं...

जळगावात आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. धुळ्याच्या एका रक्तपेढीचा जुना प्रोग्राम आमच्या ऑफिसातल्या नानांनी एकट्याने लिहिलेला – तीनशे फाईलींचा नुसता गुंता. नानांना लकवा मारला, वाचा गेली, आणि गुंता माझ्या गळ्यात पडला.

फाईलींचे नीट गट पाडायला मी एक टूल लावलं. कोणती फाईल कोणाला बोलावते, एवढंच ते बघतं. फाईली आधी कशाही गटांत वाटतं, त्या वाटणीला गुण देतं, थोडं हलवून पुन्हा बघतं. सुरुवात दर वेळी वेगळी, म्हणून उत्तरही थोडंफार वेगळं येतं.

पण मंगळवारपासून एक गोष्ट हलेचना. सुट्ट्यांच्या यादीची फाईल दर वेळी रक्ताच्या पिशवीची मुदत तपासणाऱ्या फाईलीच्याच गटात! दोघींचा काडीचा संबंध नाही, गुण उलट कमी होत होते. हाताने वेगळ्या केल्या, टूल पुन्हा टाकलं, रडलेसुद्धा. ऑफिसचे मालक, आमचे सर, म्हणाले, “ती फाईल कोणीच वापरत नाही, काढून टाक. शनिवारी धुळ्याला बसवायचंय.”

शुक्रवारी दुपारी पाचोऱ्याला नानांच्या घरी गेले. ते बोलू शकणार नाहीत हे माहीत होतं, पण दुसरं होतं कोण? नानांच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, “मंगळवारफाईन आशेच शेतस, माय. सोडाडाले गऊ का रडतस.”

मंगळवारपासून, आणि सोडवायला गेलं की रडतात! तिथेच बसून दोन्ही फाईली ओळ न् ओळ वाचल्या. सुट्ट्यांची फाईल रोज सकाळी त्या दिवसाची तारीख डिस्कवर लिहून ठेवायची आणि मुदतीची फाईल तीच वाचायची. ही वाट टूलला दिसतच नाही. मी फाईल काढली असती तर तारीख तिथेच अडकली असती, आणि मुदत संपलेलं रक्त कोणाला तरी चढलं असतं.

“नाना, असं अजून कुठे आहे का हो?”

त्यांनी मान हलवली. हो. कुठे, विचारलं तर नुसतं डोळ्यांतून पाणी.

सर म्हणाले, सापडलं ना, झालं मग. शनिवारी प्रोग्राम बसवला. आठवड्याने नाना गेले.

टूलला कसं कळलं, पाचोऱ्यात पडल्या पडल्या नानांना कसं कळलं... मला आजही माहीत नाही. मी रोज सकाळी टूल चालवते, अजून एखादी अशी जोडी दाखव म्हणून अक्षरशः भीक मागते त्याच्याकडे. दर वेळी वाटणी वेगळी येते. एकही जोडी टिकत नाही.