धायरीच्या दत्तोबांच्या दोन किडन्या

युरॉलॉजीवाल्यांकडे किस्से फार साठतात. अडचण एवढीच, की ते जेवताना सांगता येत नाहीत. बायको पान वाढायच्या आधीच बजावते, "आज लघवी नको." म्हणून इथे लिहितो.

*

आमच्या ऑपरेशन थिएटरात एक जुनी शिस्त आहे. किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी, म्हणजे युरेटर, शेवईपेक्षा जराशी जाड. चिमट्याने डिवचली की वळवळते. शेजारची शीर दिसायला तशीच, पण ती ढिम्म. म्हणून कात्री लावण्याआधी भूल देणारे डॉ. शेख पडद्यामागून विचारतात, "हलली का?" सर्जनने मोठ्याने "हलली" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

*

धायरीच्या दत्तोबांची शेती बिल्डरला गेली, तिथे टॉवर उभा राहिला, पण बैल काही सुटला नाही. सोन्या पार्किंगमध्ये, दत्तोबांच्या हक्काच्या जागेत बांधलेला असायचा. सोसायटीने तीन नोटिसा दिल्या. दत्तोबांचं म्हणणं, "कार बांधा म्हनून कुठं लिवलंय?"

एका सकाळी कुणाची तरी गाडी रिव्हर्स आली, सोन्या बिथरला आणि शिंग दत्तोबांच्या डाव्या कुशीत घुसलं. स्कॅनमध्ये दिसलं, डावी युरेटर तुटलीय आणि लघवी पोटात सांडतेय. उजवी किडनी मात्र कुठेच दिसेना.

"उजवी कुठंय?" मी विचारलं.

"भायेर बाकड्यावर बसलीय," दत्तोबा कण्हत म्हणाले. "हिला दिली. चार वर्सं झाली."

*

बाहेर शकुंतलाबाई मास्क लावून बसल्या होत्या. मी समजावलं, की यांची एकुलती एक किडनी, तिचीच नळी तुटलीय. जोड टिकला नाही तर किडनी जाऊ शकते. मला स्वतःला भीती वाटत होती, आणि ती लपवायला मी भरमसाट इंग्रजी शब्द वापरत होतो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्यातली ह्यांचीच हाय. लागली तर परत काढून घ्या. फकस्त त्यास्नी इचारू नका, भांडत बसतील. सही कुठं करू?"

*

रक्ताच्या गुठळ्यांत मला एक टोक सापडलं. खूश होऊन चिमटा लावला.

"हलली का?" पडद्यामागून शेख.

"हलली!"

जोशी सिस्टर माझ्यासमोर उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "नळी नाही सर, तुमचा हात हलला."

थांबलो. नीट पाहिलं. शीर होती.

अर्ध्या तासाने, दोन बोटं वर, खरं टोक मिळालं. डिवचलं तर वळवळलं, वर माझ्या हातमोज्यावर लघवीची पिचकारी मारली. इतका आनंद मला रंगपंचमीला कधी झाला नाही. दोन्ही टोकं साफ केली, ओढ बसू नये इतपत मोकळी केली, आत स्टेंट म्हणून बारीकशी नळी ठेवली आणि केसासारख्या टाक्यांनी जोडली. थोड्या वेळाने लघवीची पिशवी भरू लागली. शेखनी ती उजेडात निरखली आणि म्हणाले, "मस्त. चहा सांगा."

*

राउंडला मी रोज विचारायचो, "किडनी काय म्हणतेय?"

दत्तोबांचं उत्तर ठरलेलं. "कंची? हितली का तिथली?"

*

स्टेंट काही आठवड्यांनी काढावा लागतो आणि लोक हमखास विसरतात. म्हणून जोशी सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नाव लिहितात आणि स्वतः फोन करतात. हिंजवडीचा एक इंजिनियर "सध्या मीटिंग्ज आहेत" म्हणून टाळत होता. सिस्टर म्हणाल्या, "काही हरकत नाही. आत खडे धरले की कळवा, मग आपण मोठी मीटिंग घेऊ." दुसऱ्या दिवशी गडी दारात.

दत्तोबांना फोन करायची वेळच आली नाही. ठरल्या तारखेला नवराबायको आमच्या आधी येऊन बसले होते.

*

स्टेंट काढला. आता जोड आधाराशिवाय चालतो का, हे कळायचं होतं. दोघं जोडीने पाणी प्यायले. सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली नाही. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दत्तोबा बाथरूममध्ये गेले, शकुंतलाबाई शेजारच्या. मी, शेख आणि जोशी सिस्टर बाहेर उभे.

दत्तोबा आधी आले.

"झाली का?" शेखनी विचारलं.

"थांबा," दत्तोबा म्हणाले, आणि शेजारच्या दाराकडे बघत राहिले.

दार उघडलं. शकुंतलाबाईंनी पदराला हात पुसत मान डोलावली.

तेव्हा दत्तोबा आमच्याकडे वळले. "हां. दोन्ही चालू हायेत."