इनास पोस्टमनची चाल

सांता सेसिलियेचं फेस्त नोव्हेंबरच्या बावीस तारखेला. वाजवणाऱ्यांची ती कैवारी संत, आणि फेस्त म्हणजे तिचा सण. कुडतरी गावात दर दुसऱ्या घरात खुंटीला व्हायोलिन लटकलेलं, त्यामुळे त्या दिवसाची वाट बघणारे पुष्कळ, आणि धास्ती घेणारेही पुष्कळ. पण इनास फुर्तादइतकी धास्ती कुणी घेत नसेल.

इनास गावचा पोस्टमन. वय बावन्न. काळजी करणं हा त्याचा दुसरा धंदा होता म्हणा ना. एखाद्याच्या अंगणाचं फाटक आपण नीट लावलं की नाही, शेळ्या आत शिरून अबोली खाणार तर नाहीत, एवढ्यासाठी तो स्कूटर वळवून दोन-दोन मैल मागे जायचा. फाटक लावलेलंच असायचं. मग परत येताना त्याला वाटायचं, आपण ते तपासायला उघडलं होतं, ते पुन्हा लावलं ना?

संध्याकाळी मात्र तो व्हायोलिन घ्यायचा. चर्चच्या शाळेत लहानपणी सारेगमाआधी सोल्फ, म्हणजे दो-रे-मी, शिकलेला माणूस. गावात सहा जणांचा एक क्लब होता. सगळे हौशी. कुणी शिक्षिका, कुणी न्हावी, कुणी पाववाला. क्लबाचा म्होरक्या मेस्त, म्हणजे मास्तर, तोलेंतिन तेवढा एकेकाळी बोटीवर सॅक्सोफोन वाजवून पोट भरलेला. दर ऑक्टोबरात मेस्त एक फोटो आणून टेबलावर ठेवायचा. तो बघून प्रत्येकानं आपली स्वतःची एक रचना करायची आणि फेस्ताच्या दिवशी चर्चच्या सभागृहात वाजवायची. परीक्षक मडगावचे. नियम एकच: चाल नवी पाहिजे, स्वतःची पाहिजे.

सहांचे पाच झाले होते, ते ह्याच नियमापायी. आदल्या वर्षी वेरिसिम न्हाव्यानं मांडोलिनवर असं काही वाजवलं होतं की बायकांनी रुमाल काढले. पहिला नंबर त्याचाच. आणि बक्षीस हातात पडतंय तोच लिस्बनहून सुट्टीवर आलेली एक बाई उभी राहून म्हणाली, "अगोबाई, ही तर आमच्या सासूबाई नातवाला निजवताना म्हणतात ती अंगाई!" झालं. वर्षभर पोरंटोरं, म्हातारे, सगळे वेरिसिमच्या दुकानावरून जाताना तीच चाल शिट्टीत वाजवायचे. इनासनंसुद्धा एकदा विजेचं बिल टाकताना वाजवली होती. वेरिसिमनं मान वर न करता बिल घेतलं होतं. क्लबात तो पुन्हा आला नाही.

ह्या वर्षीचा फोटो पन्नासेक वर्षांपूर्वीचा निघाला. भाटकाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरापुढचं अंगण. पाऊस तोंडावर आलेला असावा. आठ-दहा बायका जमिनीवर बसून नारळाच्या झावळ्यांची झापं विणतायत. मागे ओसरीवर कुणाचे तरी बूट घातलेले पाय तेवढे दिसतायत.

"ह्यातून काय काढायचं, मेस्त?" आल्सिन टीचर म्हणाली. "गेल्या वर्षी निदान समुद्र होता."

"समुद्र सगळ्यांनाच सुचतो, बाय," मेस्त म्हणाला. "झाप विणून दाखवा."

इनासला एरवी एक चाल जुळवायला महिना लागायचा, आणि जुळल्यावरही ती लंगड्या बकरीसारखी चालायची. पण ह्या वेळी तिसऱ्याच दिवशी, तळ्याच्या बांधावर बसून डब्यातली पेज आणि खारं, म्हणजे सुकी मासळी, खात असताना, अख्खी चाल तोंडात आली. पहिला भाग, मग तो खाली उतरत जाणारा दुसरा भाग, सगळी. खारं खाली पडलं ते त्याला कळलंच नाही. पत्राच्या पाकिटावर लिहायचं नाही म्हणून त्यानं हाताच्या तळव्यावर सूर लिहून घेतले.

घरी आल्याआल्या बायकोला वाजवून दाखवली. लुदोविना कोलंबी सोलत होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे रे. कुठे ऐकलीस?"

इनासनं गज खाली ठेवला.

"कुठे ऐकली म्हणजे? मी केली."

"तू केलीस? मग चांगलं झालं की."

"पण तू असं का विचारलंस? तुला ओळखीची वाटली?"

"नाही रे बाबा. चांगली वाटली म्हणून विचारलं."

ही तर त्याहून वाईट गोष्ट. त्याची चाल चांगली वाटावी, असं आजवर झालं नव्हतं. वेरिसिमचीही चांगलीच वाटली होती.

दुसऱ्या दिवसापासून इनास टपाल वाटता वाटता दारोदार विचारू लागला. पत्र हातात द्यायचं आणि चालीचा पहिला भाग गुणगुणायचा. "हे कधी ऐकलंय का, पात्रांव?"

"ऐकलंय," पाववाला म्हणाला. "परवा तूच ऐकवलंस."

"ह्याचं काहीतरी बिनसलंय," तिठ्यावरची मासेवाली दुसरीला म्हणाली. "माझ्याकडे पत्र नसताना येऊन गाऊन गेला."

आल्सिन टीचरनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. हा फोन म्हणे जगातली कुठलीही चाल ओळखतो. फोननं बराच वेळ विचार करून 'माहीत नाही' सांगितलं. "बघ, फोनलाही ठाऊक नाही! आता तरी नीट जेव," ती म्हणाली. इनासला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग वाटलं, लिस्बनची सासू तरी कुठे फोनमध्ये होती?

पहिल्या तालमीत त्यानं चाल वाजवली. मेस्त तोलेंतिननं चष्मा काढून पुसला. ऐंशीच्या घरातला माणूस, सहसा स्तुती न करणारा. म्हणाला, "इनास, इतकी वर्षं कुठे लपवली होतीस ही अक्कल? तू शेवटी वाजवायचंस. सगळ्यांच्या मागून. लोकांना हीच घेऊन घरी जाऊ दे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इनासनं व्हायोलिन घाईघाईनं पेटीत ठेवलं.

फेस्ताला अकरा दिवस उरले असताना तो रेजिन मायच्या दाराशी गेला. म्हातारी नव्वदीची. मुलीचं पत्र दरमहा इंग्लंडहून यायचं आणि ते इनासनंच वाचून दाखवायचं, असा रिवाज. पत्र वाचून झालं. नातीचं लग्न ठरलं होतं. म्हातारी खूश होती. इनासनं सवयीनं पहिला भाग गुणगुणला आणि विचारण्यासाठी थांबला.

तो थांबला, पण चाल थांबली नाही. रेजिन माय भिंतीला टेकून, डोळे मिटून, पुढचं म्हणू लागली. दुसरा भाग. तोच, खाली उतरत जाणारा. हा भाग त्यानं दारोदार कधीच म्हटला नव्हता. आणि म्हातारीच्या तोंडी तर शब्दही होते:

*भाटकाराच्या टोपीत गे, कोंबडीनं घातलं अंडं,*
*भाटकारीण विचारी, टोपी होती कुणाच्या घरात?*

म्हणून झाल्यावर ती बोळक्या तोंडानं खुदकन हसली.

"माय," इनासनं विचारलं, "हे गाणं कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? झापं विणायचो तेव्हाचं. एकीनं एक ओळ जोडायची, दुसरीनं दुसरी. भाटकाराला कळलं तेव्हा त्यानं आम्हाला अर्ध्या दिवसात घरी घालवलं. मग आम्ही नुसती चाल म्हणायचो. शब्द नसले तर तो काय पकडणार?"

"मी कधी ऐकलं असेन?"

"तू? पुता, तुझी आवय माझ्या बाजूला बसायची. तुला चटईवर उताणा टाकलेला असायचा. रडायला लागलास की हेच म्हणायची."

इनास स्कूटरवर बसला तो पाच मिनिटं किल्लीच फिरवेना. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. तिची आठवण आली म्हणून डोळे भरले असते तर एक वेळ चाललं असतं, पण त्याच्या कानात घुमत होती ती फक्त शिट्टी. सगळा गाव त्याच्या स्कूटरमागून शिट्टी वाजवत चाललाय.

आणि मग दुसरा विचार आला, तो त्याहून भयंकर. कुणाला कळणार आहे? रेजिन माय घराबाहेर पडत नाही. फेस्ताला येणार नाही. तिनं सांगितलं तरी नव्वदीच्या बाईचं कोण खरं मानतो? तिला तर काल जेवली की नाही तेही आठवत नाही. गप्प बसलं की झालं.

दोन दिवस तो गप्प बसला. तिसऱ्या दिवशी चुकीच्या घरात रजिस्टर पत्र देऊन सही घेऊन आला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं. ते सोडवून, माफी मागून निघाला तो थेट वेरिसिमच्या दुकानात जाऊन खुर्चीवर बसला.

वेरिसिमनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"वेरिसिम," इनास आरशातल्या वेरिसिमला म्हणाला, "ती अंगाई. तुला ठाऊक होतं का रे?"

कात्री थांबली. इनासला वाटलं, आता हा आपल्याला हाकलतो.

"वर्षभरात हे विचारणारा तू पहिला," वेरिसिम म्हणाला. "शिट्ट्या सगळ्यांनी मारल्या. विचारलं कुणीच नाही. नव्हतं ठाऊक. क्रुसाची शपथ. कुठून कानात गेली, देव जाणे. माझा बाप लिस्बनला होता चार वर्षं, त्यानं म्हटली असेल. मला वाटलं माझीच."

"मीही मारली होती शिट्टी. बिल टाकताना."

"ठाऊक आहे. कोमल नी चुकवलास."

इनासनं मान खाली घातली. "चुकलं माझं. माफ कर."

"मान वर कर, नाहीतर कान जाईल." थोडं कापून झाल्यावर वेरिसिम हलकेच म्हणाला, "तुझं काय झालंय?"

इनासनं सगळं सांगितलं. वेरिसिमनं ऐकून घेतलं आणि ब्रशनं त्याच्या मानेवरचे केस झाडत म्हणाला, "माझ्यावर वेळ आली तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुला आहे. एवढाच फरक. आता तू बघ."

त्याच संध्याकाळी इनास मेस्तच्या घरी गेला. मेस्त आधी हसला, मग चिडला.

"अरे, कुणाला पत्ता आहे? जुनी चाल, मालक नाही, वारस नाही! पत्रिका छापून झाल्यात. शेवटी तुझं नाव आहे."

"रेजिन माय आहे, मेस्त."

"ती काय दावा लावणार?"

"नाही. पण मला झोप नाही."

"तुला फाटक लावलं तरी झोप नसते!" मेस्त ओरडला. त्याला वेरिसिम आठवला असावा, कारण जिना उतरणाऱ्या इनासला त्यानं हाक मारून थांबवलं. "स्पर्धेत नवीन काहीतरी वाजव. कसंही. आणि ते झापांचं शेवटी वाजव, पण लोकांना सांगून. सांगायचं तूच. मी नाही सांगणार."

आठवडाभरात इनासनं कशीबशी एक नवी चाल जुळवली. लंगडी बकरीच, पण त्याच्या गोठ्यातली.

फेस्ताच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून भाटकाराचा नातू बसलेला, मडगावला वकिली करणारा. तो येईल हे इनासच्या ध्यानात आलंच नव्हतं. त्याची नवी चाल पाचांत पाचवी आली. मग शेवटी तो पुन्हा उभा राहिला, व्हायोलिन छातीशी धरून.

"आता जे वाजवतो ते माझं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं होतं माझं आहे. फोटोतल्या बायकांचं आहे. माझ्या आईनं मला ऐकवलेलं. गेल्या वर्षी वेरिसिमच्या बाबतीतही असंच झालं होतं, आणि आपण सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली."

इनासनं डोळे मिटून गज टेकवला. पहिला भाग पार पडला. दुसरा सुरू झाला आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी बारीक गुणगुणायला लागलं. मग आणखी दोन आवाज. सत्तरी-ऐंशीच्या बायका, नुसती चाल म्हणत होत्या. इनासचा जीव टांगणीला लागला: देवा सायबा, ह्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून शब्द निघाले तर? टोपी, अंडं, आणि पुढे हा नातू! घाईघाईत त्यानं शेवट गुंडाळला. शब्द निघाले नाहीत. बायका आपसांत खुसुखुसू हसत राहिल्या, आणि वकीलसाहेबांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

वेरिसिम दाराशी उभा राहून ऐकत होता म्हणे. इनास खाली उतरेपर्यंत तो निघून गेला होता. पण पुढच्या रविवारी मांडोलिनची पेटी घेऊन आला, कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या खुर्चीवर बसला आणि तारा लावू लागला. आल्सिन टीचरनं त्याला चहा दिला.

रेजिन मायला सगळी हकिगत सांगायला इनास सोमवारी गेला. वाजवूनही दाखवलं. ती रागावेल, आपलं गाणं चव्हाट्यावर नेलं म्हणेल, अशी त्याला भीती.

म्हातारीनं तोंड वाकडं केलं.

"एवढं धावत धावत? झाप विणताना घाई केली तर पात सुटते, पुता. पुन्हा वाजव. हळू."

इनासनं स्कूटरची किल्ली खिशात घातली आणि ओसरीवर नीट मांडी घालून बसला.