पिठ्यामामांची भुकटी

कारखान्यात त्यांना सगळे पिठ्यामामा म्हणायचे. पाळी संपली की माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, जणू गिरणीतूनच आला. खत बनवून झाल्यावर जी भुकटी उरायची, जिप्सम म्हणायचे तिला, ती मागच्या ढिगावर नेऊन टाकायचं काम मामांनी तीस वर्षं केलं. ढिगाची टेकडी झाली, मामांच्या पाठीची कमान झाली, आणि ते निवृत्त झाले.

घरी मात्र त्यांचं एकच पालुपद असायचं: काही नसतं त्यात, भिंतीच्या चुन्यासारखंच आहे ते. बायकोच्या जिवाला घोर नको म्हणून हे खोटं त्यांनी रेटून नेलं. ढिगावर वेगळीच कुजबुज चालायची. कुणी म्हणे त्यात आम्ल असतं. कुणी म्हणे किरण असतात, दिसत नाहीत पण हाडांत जाऊन बसतात. साहेबांना विचारायची छाती कुणाचीच झाली नाही, मामांचीही नाही.

आता त्याच भुकटीच्या चार ट्रॉल्या लेकीच्या शेतात ओतून पडल्या होत्या. शेत पार खारावलेलं. पाणी दिलं तर मुरायचं नाही, वर डबकं साचायचं, आणि उगवलेलं रोप आठवड्यात करपायचं. शेतकी अधिकाऱ्याने सांगितलं होतं, जिप्सम मिसळा, भरपूर पाणी सोडा, चर खणून ते पाणी बाहेर काढा, खार त्याच्याबरोबर निघून जाईल. लेकीने लगेच मान डोलावली असणार. घरचाच दाखला होता ना, चुन्यासारखं असतं म्हणून.

मामा बांधावर आले. नात आईची नजर चुकवून ढिगाशी बसली होती आणि मुठी भरत होती. त्यांनी धावत जाऊन तिला ओढलं, तिचे हात आपल्या सदऱ्याला खसाखसा पुसले. ती भोकाड पसरून आईकडे पळाली. पलीकडे विहीर होती, घरातलं सगळं पाणी तिथलंच. आता गप्प बसणं म्हणजे आपल्या हाताने पोरीबाळींचं वाटोळं करणं.

"पोरी, हे पसरू नकोस," ते म्हणाले. "मी खोटं बोलत होतो. यात काय असतं ते मला आजही माहीत नाही."

लेकीने फावडं टेकवलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. दोन महिन्यांपूर्वीच तिने मूठभर भुकटी प्रयोगशाळेत तपासायला दिली होती. शेताला चालेल, असा अहवाल आला होता. फक्त ओली करून पसरा, नाकातोंडात जाऊ देऊ नका आणि चराचं पाणी विहिरीपासून लांब काढा.

"तुम्ही चुना म्हणायचात," ती म्हणाली, "पण अंगणात आंघोळ केल्याशिवाय मला कधी उचलून घेतलं नाहीत. लहान होते, बाबा, वेडी नव्हते."

मामांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ते हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला. तो नेहमीचाच होता, पण आज थांबेना. लेक त्यांची पाठ चोळत राहिली.

"नाकातोंडात जाऊ देऊ नका, असं लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "तुमच्या किती गेली असेल?"

मामांच्या ओठांवर जुनंच पालुपद आलं. पण या वेळी ते त्यांना म्हणवेना.