एका हातानं उघडणारा चाकू

बाबांचा उजवा हात लकव्यात गेला होता आणि मी त्यांच्यासाठी उजव्या हाताचा चाकू आणला.

बाबा नांदुऱ्याच्या धान्यबाजारात मापाडी होते. पोत्यांची सुतळी कापायला त्यांच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. घरी आले की तोच धुऊन पेरू कापायचे, प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवायचे, मग स्वतः खायचे. नियम एकच: उघडा चाकू हातातून खाली ठेवायचा नाही. बाजारात लोक पोत्यांमधून अनवाणी फिरतात. लहानपणी मी एकदा उघडा ठेवला होता, आणि ती थापड गालाला अजून आठवते.

लकवा झाल्यावर जुना चाकू त्यांना उघडेना. धरायला एक हात, पात्याच्या खाचेत नख घालायला दुसरा. एकदा त्यांनी दातांनी ओढून पाहिलं. पातं जागचं हललं नाही, कवळी मात्र चाकूला लटकून बाहेर आली. आम्ही दोघंही हसलो. मग कवळी बसवून ते म्हणाले, "पेरू कापाले बी मानूस बोलवा लागते बे आता."

झालं, मी कामाला लागलो. मोबाइलवर चाकूंचे व्हिडिओ पाहिले. दाढीवाले परदेशी लोक कागद, दोर, टमाटे कापून दाखवत होते. पोलाद कोणतं, पातं किती जाड, खिशाला अडकवायची क्लिप कुठे. माझं ज्ञान इतकं वाढलं की ऑफिसातले लोक डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागले. शेवटी ठरलं, असिस्टेडच घ्यायचा. पात्याच्या बुडाशी एक लहानसं टोक असतं, ते बोटानं जरा दाबलं की उरलेलं काम आतली स्प्रिंग करते. दुसरा हात लागतच नाही.

शेगावला स्टेशनजवळच्या एका दुकानात मी काउंटरवरचे सगळे चाकू खटाखट उघडून मिटून पाहिले, सिनेमातल्यासारखे. दुकानदारानं विचारलं, "कोनासाठी पाह्यजे?" मी म्हणालो, वडिलांसाठी. हाताचं बोललोच नाही.

घरी बाबांनी डाव्या हातात घेतला, टोक दाबलं. खट्. चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती, ती हसली. पुन्हा खट्, पुन्हा खट्. दर वेळी मिटून मीच देत होतो, कौतुकाच्या भरात त्यांच्या हातातून ओढून घेऊन.

"आता कोनाले बोलवा लागत नाही," ते म्हणाले.

त्यानंतर लगेचच बायको एका दिवसासाठी माहेरी, उंद्रीला गेली. मी ऑफिसात. संध्याकाळी घरी आलो तर बाबा खाटेच्या कडेवर बसलेले. स्टुलावर पेरूच्या फोडी, कडेनं तपकिरी पडलेल्या. डाव्या हातात चाकू, उघडा. काठी शेजारीच भिंतीला टेकलेली. पायजमा ओला.

उघडलेलं पातं आतली एक पट्टी अडवून धरते. ती सरकवली की चाकू मिटतो. उजव्या हातात ती पट्टी आपसूक अंगठ्याखाली येते. डाव्या हातात ती बोटांकडे जाते आणि अंगठा नुसताच चाचपडत राहतो. बाबा दुपारभर चाचपडत होते. काठी धरायलाही तोच एक हात होता.

"बाबा, खाली ठेवाचा ना."

"उघडा?"

घरात त्यांच्याशिवाय कोणाचा पाय पडणार नव्हता, हे मी बोललो नाही.

"मंग शेजारी हाक माराची."

हाक मारायला लागू नये म्हणूनच तर मी चाकू आणला होता.

त्यांच्या मुठीतून तो सोडवायला वेळ लागला, बोटं आखडली होती. मिटला, पायजमा बदलला. बाबा भिंतीकडे तोंड करून राहिले. नंतर म्हणाले, "तुह्याजवळच ठेव तो." पुन्हा कधी मागितला नाही. पेरू मी कापायचो. बाबा फोड उलटसुलट करून पाहायचे आणि म्हणायचे, "कापला का फाडला बे?" पण ती तोंडापर्यंत न्यायला आता मलाच मदत करू द्यायचे, आणि ते मला जास्त लागायचं.

पुढच्या वर्षी पेरू आले तेव्हा बाबा नव्हते.

चाकू माझ्या खिशात असतो. परवा उजवा हात मांडीखाली दाबून बसलो आणि डाव्या हातानं मिटून पाहू लागलो. पट्टी अंगठ्यानं ढकलायची नाही, पहिल्या बोटानं ओढायची, आणि पात्याची पाठ मांडीला टेकवायची. थोड्या खटपटीनं मला जमलं. बाबांचे हात माझ्यापेक्षा कितीतरी शहाणे होते.

बायको समोर मेथी निवडत होती. मी तिला पुन्हा करून दाखवलं. "पाह्य, होते ना बंद."

तिनं एक जुडी संपवली, दुसरी ओढली.

"हे तुमी दुकानात करून पाहाचं होतं."